थेंबुलीभोवतीचा गडगा

लई लई जुनी गोष्ट हाय. इतकी जुनी, की तवा म्हशी बोलायच्या आनि मानसं गप बसून ऐकायची. मंग मानसं बोलाया लागली आनि म्हशी गप झाल्या. तवापास्नं सगळा इस्कोट हाय.

बसा, बारकी-थोरली सगळी बसा. पन पयलंच सांगतो, ही गोष्ट सांगताना माझं डोस्कं फिरतं. हसाया आलं तर खुशाल हसा. पन शेवटाला माझ्याकडं बगून "लई ग्वाड गोष्ट व्हती हां" असं म्हनू नगा. ग्वाड न्हाई ती.

आनि गोष्टीतल्या मानसांची नावं मी सांगनार न्हाई. नाव घ्यावं असं त्यांनी काय केलंच न्हाई. म्हशींची सांगीन.

तर एक राज्य व्हतं. त्या राज्यात एका डोंगराच्या माथ्यावर सडा व्हता. सडा म्हंजे काय? डोंगराचं टकलं. आठ म्हैने नुसता काळा कातळ, अनवानी पाय ठिवला तर चटका बसनार. पन पावसाळ्यात त्या टकल्यावरची बोटभर माती भिजायची, आनि त्या बोटभर मातीत फुलं यायची. पिवळी, पांढरी, जांभळी. सगळी बारकी. मोठ्या झाडाला तिथं जागाच कुठं व्हती?

त्यातलंच एक फूल थेंबुली. नखाएवढं, निळं. वरनं आभाळाचा एक थेंब पडावा आनि तिथंच बसावा, असं. दुसऱ्या डोंगरावर ते नव्हतं. दुसऱ्या राज्यात नव्हतं. ह्या एका सड्यावर काय ते.

थेंबुली उभ्यानं दिसायची न्हाई. बसाया लागायचं, आनि बसून मान खाली घालाया लागायची. राज्यातल्या मोठ्या लोकांना ती कधी दिसली न्हाई, त्येचं कारन हेच.

सड्याच्या कडंला खोपट बांधून एक गवळी म्हातारी राहायची. बावीस म्हशी आनि ती एकटी. तोंडानं फाटकी, मनानं धड. सगळ्यांत पुढं चालनारी म्हैस वाकडी. शिंगं वाकडी म्हनून वाकडी, चाल मातर सरळ. तिच्या गळ्यात पितळी घंटा. ती घंटा वाजली की बाकीच्या एकवीस जनी मागनं निघायच्या. घंटा थांबली की थांबायच्या. म्हातारीला काठी कधी उचलावी लागली न्हाई.

आनि ह्या म्हातारीची एक चाल व्हती. पावसाळा लागून कातळावरच्या मातीचा चिखल झाला, की ती म्हशी घेऊन सड्याला सात फेरं घालायची. ह्या टोकापास्नं त्या टोकापर्यंत, कडंकडंनं न्हाई, मधनंच, सगळा चिखल खुरांनी तुडवत. तिच्या आईनं घातलं, आज्जीनं घातलं, म्हनून ती घालायची. कुनी इचारलं, "का गं आज्जे, ह्ये कशाला?" तर म्हनायची, "सड्याचं अंग रगडतोय. तुझंबी रगडू काय?"

मंग भादव्यात थेंबुली फुलली, की म्हातारी एक फूल तोडायची. एकच. ते वाकडीच्या कानात खोवायची. दुसऱ्याला हात लावायची न्हाई.

झालं, असं चाललं व्हतं. कुनाचं काय अडलं व्हतं का? न्हाई. मंग शानी मानसं आली.

झालं काय, शेजारच्या राजानं आपल्या राजाला निरोप धाडला. "आमच्या राज्यात एक झाड आहे, जे जगात दुसरीकडे कुठेच नाही. तुमच्याकडे आहे का असं काही?"

आपल्या राजाच्या पोटात दुखाया लागलं. पन तो वाईट नव्हता. वाईट असता तर गोष्ट सोपी व्हती. त्यानं दरबार भरवला आनि हुकूम दिला, "राज्यात जे जे दुर्मिळ रोप असेल, ते शोधा, मोजा आणि जपा. एकही मरता कामा नये."

हुकूम चांगला व्हता का न्हाई? चांगलाच व्हता. त्यात एकच गोष्ट ऱ्हायली. 'इचारा' म्हनायचं ऱ्हायलं.

राजानं एक मोजनीदार नेमला. लई शिकलेला मानूस. तो सड्यावर आला तर संगं अकरा खेचरं, तंबू, आचारी, दोन कारकून, छत्री धरायला एक मानूस, चुना, दोऱ्या, खुंट्या. आनि एक जाडजूड वही. त्या वहीत रकानं आखल्यालं. रकान्यात बसंल तेवढंच त्येच्या लेखी खरं. बाकीची दुनिया त्येला दिसायचीच न्हाई.

आल्या आल्या त्यानं म्हातारीला हाक मारली. राम राम न्हाई, पानी न्हाई.

"ए म्हातारे! इकडे ये. या झाडाचं नाव काय?"

ते व्हतं कुठंबी उगवनारं फालतू तन. म्हातारीनं त्येच्याकडं बघितलं, त्येच्या छत्रीकडं बघितलं. तिच्या जिभंला खाज सुटली.

"त्ये व्हय? राजाची मिशी."

मोजनीदारानं कारकुनाला सांगितलं, "लिही. राजाची मिशी." कारकुनानं लिवलं.

"आणि हे?"

"सासऱ्याचं ढेकार."

लिवलं.

"आणि हे बारीक? दिसतसुद्धा नाही नीट."

"ते लई शोधावं लागतं सरकार. मोजनीदाराची अक्कल."

मोजनीदार जरा थबकला. "असं कसं नाव?"

"जुनं हाय. तुमच्या आधीच्या मोजनीदाराच्या येळचं."

लिवलं! मी खोटं सांगत न्हाई, लिवलं त्यांनी. मागं वाकडी रवंथ करत उभी व्हती. ती म्हनली, "म्हातारे, लई झालं. पोट दुखतंय माझं हसून." पन म्हशीचं बोलनं वहीत घ्यायची चाल नव्हती, म्हनून कुनी ऐकलं न्हाई.

अशी नऊ नावं सांगितली. नऊच्या नऊ खोटी. नऊच्या नऊ लिवली. दुसऱ्या कुना गवळ्याला, कुना वैदूला, कुना लाकूडतोड्याला एका शब्दानं इचारलं न्हाई.

मंग मोजनीदार जरा पुढं गेला आनि म्हातारीनं त्येला हात धरून थांबवलं. आता तिची थट्टा संपली व्हती.

"सरकार, हितं उभं ऱ्हाऊ नगा. बसा."

"का?"

"बसा तर खरं. मान खाली घाला."

मोजनीदार बसला. मंग वाकला. मंग पोटावर आडवाच झाला. थेंबुलीचं फूल त्येच्या नाकापुढं वीतभर. तो बघतच ऱ्हायला. त्येच्या डोळ्यांत पानी आलं. ते पानी खोटं नव्हतं, हेबी सांगतो. त्येचा थेंबुलीवर खरंच जीव बसला. म्हनूनच मला त्येचा जास्ती राग येतो. जीव लावनाऱ्यानं तरी नीट बगावं का न्हाई?

दिवसभर पोटावर सरकत सरकत त्यानं मोजलं. चारशे बारा थेंबुल्या. सगळ्या राज्यात, सगळ्या जगात, चारशे बारा.

आनि तेवढ्यात वाकडी पुढं आली. चरत चरत आली आनि तिच्या एका खुराखाली चार फुलं गेली. चिरडली.

मोजनीदार किंचाळला! "हाकला! हाकला त्या जनावराला! चार मेली! आता चारशे आठ राहिली!"

"सरकार," म्हातारी म्हनली, "चार तिनं मोडली, खरं हाय. पन चारशे आठ तिनंच उगवल्यात."

"काय बडबडतेस?"

"बडबडत न्हाई, बगा. एकेक फूल बगा कुठं उभं हाय त्ये. खुराच्या खड्ड्यात हाय का न्हाई? पावसाच्या सुरवातीला मी सात फेरं घालते. चिखलात खुरांचं खड्डं पडत्यात. खड्ड्यात पानी थांबतं, बी थांबतं. खड्डा न्हाई तर ह्या उताराच्या कातळावर बी थांबंल कशाला? वाहून जाईल दरीत. आनि मंग गवत वाढतं, ते म्हशी खात्यात, म्हनून ह्या बारकीला उजेड मिळतो. म्हशी न्हाईत तर थेंबुली न्हाई. आमी ती जपत न्हाई सरकार. आमी नुसतं चालतो. जपलं जातं."

मोजनीदारानं बघितलं. खरंच बघितलं त्यानं. एकेक थेंबुली खुराच्या खड्ड्यात उभी व्हती. डोळ्यांनी दिसत व्हतं त्येला!

त्यानं वही उघडली. एक रकाना व्हता 'धोका'. एक रकाना व्हता 'राखणदार'. त्यानं दोन्हीवरनं बोट फिरवलं आनि म्हनला, "म्हातारे, जनावर 'धोका' या रकान्यात लिहायचं असतं. 'राखणदार' या रकान्यात म्हैस आजवर कुणी लिहिलेली नाही."

"मंग तुमी पयलं लिवा."

"थट्टा करतेस माझी?"

ऐका हां. नऊ येळा थट्टा केली, ती त्येला कळली न्हाई. दहाव्यांदा खरं बोलली, तर ती त्येला थट्टा वाटली. नऊ खोटं लिवलं आनि दहावं खरं तेवढं गाळलं. काय म्हनायचं असल्या मानसाला? मला येतंय म्हनायला, पन बारकी पोरं बसल्यात म्हनून गप बसतो.

मंग हुकूम सुटला. सड्याभवती छातीएवढा दगडी गडगा घाला. एकबी जनावर आत जाऊ देऊ नगा. म्हातारीचं खोपट मोडा. तिला आनि बावीस म्हशींना खालच्या दरीत दलदलीशेजारी जागा द्या.

खोपट मोडताना म्हातारी रडली न्हाई. उभी ऱ्हाऊन मोजनीदाराकडं बघत म्हनली, "बाळंतिनीला घराबाहेर काढून पाळन्याला कुलूप लावतोस लेका. लाव. बगू कसं पोर वाढतंय."

मोजनीदारानं तेबी लिवलं न्हाई.

पुढच्या वर्षी काय झालं म्हनता? फुलं वाढली! सहाशे थेंबुल्या! हितंच तर सगळा घात झाला. जुनं खुरांचं खड्डं अजून मातीत व्हतं. आनि चिरडायला म्हशी नव्हत्या. राजा खूश झाला. मोजनीदाराला भर दरबारात शेला दिला. तो शेला खांद्यावर टाकून मोजनीदार असा चालायचा, जसं काय थेंबुली त्येच्याच खांद्यावर उगवलीया.

खाली दरीत म्हातारी म्हनली, "यंदा जुन्या पुन्याईवर निघालं. पुढं बगा."

पुढच्या वर्षी पावसानं खड्डं बुजवलं. गवत गुडघ्याला लागलं. मोजनीदारानं पोटावर झोपून मोजलं, दीडशेबी भरंना. मंग त्यानं काय केलं? म्हातारीला बोलावलं? छ्या! तो म्हनला, "गडगा कमी पडतोय. कुणीतरी आत शिरून चोरतंय." गडगा पुरुषभर उंच केला. वर शिपाई बसवले.

आनि त्याच वर्षी खाली वाकडी मेली. जलमभर कातळावर चालल्यालं जनावर ते, दलदलीत त्येचं खूर कुजलं. शेवटी उठता येईना तवा म्हातारी तिच्या मानंवर हात फिरवत बसली. वाकडी म्हनली, "घंटा काढून ठेव. पुन्यांदा लागंल."

"कुनाला बांधू ती? तुझी टिकली अजून सड्यावर गेलीबी न्हाई." टिकली म्हंजे वाकडीची लेक, दरीत आल्यावर जलमल्याली, कपाळावर पांढरा ठिपका असल्याली.

"सापडंल कुनीतरी," वाकडी म्हनली आनि गेली.

तिसऱ्या वर्षी गवत कमरंला लागलं. थेंबुल्या अकरा. खांद्यावर शेला, आनि आत अकरा! त्यानं वहीत काय लिवलं सांगू? 'वाढ समाधानकारक.' ह्येच लिवलं. कुनाचं समाधान झालं व्हतं कुनास ठाऊक. गवताचं झालं असंल.

चौथ्या भादव्यात म्हातारीला ऱ्हाववंना. भर दुपारी वाकडीची घंटा हातात घेऊन ती दरीतनं वर चढली. निदान एकदा गडग्यावरनं डोकावून बगू म्हनली. दगडावर पाय दिला आनि घंटा वाजली. शिपायांनी धरलं.

मोजनीदाराला आनंद झाला. बुडत्याला लाकूड घावावं तसा. शेवटी एक चोर सापडला! आनि येळ पन नेमकी. कारन त्याच दिवशी शेजारचा राजा थेंबुली बगायला यायचा व्हता. दोन्ही राजं पालखीतनं सड्यावर आलं. मागं दरबारी, मागं शिपाई, आनि मधे दोरीनं हात बांधल्याली म्हातारी.

गडग्याचं फाटक उघडलं. आत नुसतं गवत. कमरंएवढं, वाऱ्यानं हलनारं गवत.

"कुठे आहे ते फूल?" शेजारच्या राजानं इचारलं.

"बसायला लागतं," आपला राजा म्हनला. त्यानं ऐकलं व्हतं तसं. मंग दोन्ही राजं गवतात बसलं. मान खाली घातली. गवत बाजूला केलं. मुगुट अडकलं, सोडवलं. एक घटका शोधलं. दोन राजं चार पायांवर, विचार करा! थेंबुली एक न्हाई.

आपला राजा उठला तवा त्येचं तोंड लाल झालं व्हतं. "मोजणीदार! कुठे आहेत सहाशे फुलं?"

"महाराज, चोरी झाली! ही म्हातारी चोर आहे. गडग्यावर चढताना धरली. हिनं नेली सगळी!"

"म्हातारे, फुलं कुठे आहेत?"

म्हातारी हसली. कसं हसली? माय मेल्यावर मानूस वेड लागून हसतं, तसं. "म्हाराज, त्येची वही वाचून घ्या आधी. मंग सांगते."

राजानं कारकुनाला खूण केली. कारकून वाचाया लागला. "या सड्यावर आढळलेली झाडं. पहिलं, राजाची मिशी."

दरबारात कुनीतरी खोकलं.

"दुसरं, सासऱ्याचं ढेकर." कारकुनानं शुद्ध करून लिवलं व्हतं. "तिसरं... मोजणीदाराची अक्कल. हे फार शोधूनही नीट दिसत नाही."

शेजारचा राजा पोट धरून हसाया लागला. आपल्या राजाचा हात मिशीकडं गेला आनि माघारी आला. "ही नावं तुला कुणी सांगितली?"

मोजनीदाराचं बोट म्हातारीकडं गेलं.

"व्हय, मी सांगितली," म्हातारी म्हनली. "नऊ नावं सांगितली, नऊबी खोटी. तोंड वर करून आला, ना राम राम, ना पानी, म्हनून केली थट्टा. पन म्हाराज, त्या नावांतलं एकबी ह्यानं दुसऱ्या कुनाला इचारून बघितलं न्हाई. खोटं सांगितलं, ते लिवलं. मंग दहावं मी खरं सांगितलं. पाया पडून सांगितलं असतं तरी चाललं असतं, एवढं खरं."

"दहावं काय होतं?" राजानं कारकुनाला इचारलं.

कारकुनानं पानं उलटली. पुन्यांदा उलटली. "दहावं वहीत नाही महाराज."

"न्हाई ना?" म्हातारी म्हनली. "म्हनूनच हितं फूल न्हाई."

वारा गवतातनं गेला.

मंग तिनं सांगितलं. सात फेरं, खुरांचं खड्डं, गवत, वाकडी, वाकडीचं कुजल्यालं खूर. सगळं. राजा ऐकत ऱ्हायला. शेजारच्या राजाचं हसू कधी बंद पडलं कळलं न्हाई. त्यानं हळूच आपल्या कारभाऱ्याला इचारलं, "आपल्या त्या झाडाभोवती काय आहे रे?"

"गडगा, महाराज."

शेजारचा राजा पालखीत बसला आनि जेवायलाबी न थांबता घरला पळाला.

आपला राजा भडकला. रागावनारच. चारशे बारा जीव मारून 'समाधानकारक' लिवल्यालं. तो वरडला, "याला हत्तीच्या पायाखाली द्या!"

"हत्ती कशाला म्हाराज?" म्हातारी म्हनली. "मला द्या. म्हशीच्या पायाम्होरं देते. तीन वर्षांसाठी."

कुनाला काय समजलं न्हाई. पन राजानं मान डोलवली.

गडगा मोडला. त्याच दगडांनी म्हातारीचं खोपट पुन्यांदा उभं ऱ्हायलं. एकवीस म्हशी आनि टिकली वर आल्या. पन आता दुसरीच अडचन. वाकडी नव्हती. टिकलीला सडा ठावका नव्हता. बाकीच्या जनी सात फेरं इसरल्या व्हत्या. पुढचा पावसाळा लागला, चिखल झाला, तरी सगळ्या म्हशी एका जाग्याला उभ्या. घंटा वाजल्याबिगर निघायचं न्हाई, एवढंच त्यांना ठावकं.

म्हातारीनं वाकडीची घंटा काढली. घासून पुसली. आनि मोजनीदाराच्या गळ्यात बांधली.

"हे काय?" मोजनीदार म्हनला.

"तू वाकडीला सड्यावरनं काढलंस. आता वाकडीच्या जागी तू. चाल. ह्या टोकापास्नं त्या टोकापर्यंत, सात येळा. मला आता गुडघ्यानं व्हत न्हाई."

"अगं आज्जी, मी राजाचा मोजणीदार आहे!"

"व्हय की. म्हनून तर पितळी घंटा दिली. न्हाईतर लाकडाची बांधली असती. तो शेला काढ, चिखलात भरंल."

आनि तो निघाला. खांद्यावरचा शेला गेला, गळ्यात घंटा आली. टनटन करत मोजनीदार चिखलातनं पुढं, आनि मागं टिकली आनि एकवीस म्हशी. तो घसरून पडला की घंटा थांबायची, आनि सगळ्या म्हशी थांबायच्या. टिकली म्हनायची, "उठ की बाबा. आमी खोळंबलोय." तो उठायचा. सातव्या फेऱ्याला त्येच्या पायांचं सालटं निघालं व्हतं. गावची पोरंटोरं कडंला बसून खिदळत व्हती. म्हातारी हसली न्हाई. तिची हसायची येळ सरली व्हती.

त्या भादव्यात एकबी फूल आलं न्हाई.

दुसऱ्या वर्षी फेरं घातलं. गवत खाल्लं गेलं, सडा मोकळा झाला, खुरांच्या खड्ड्यांत पानी थांबलं. पिवळी आली, पांढरी आली. थेंबुली न्हाई. मोजनीदार रोज पोटावर झोपून एकेक खड्डा बघायचा. एक दिवस त्यानं म्हातारीच्या म्होरं हात जोडलं. "आज्जी, बी मेलं असेल गं सगळं. आता कशाला फिरायचं?"

"असंल मेलं. तू मारलंस. आभाळानं न्हाई, रोगानं न्हाई, तू. चाल."

त्यानं पुन्यांदा घंटा बांधून घेतली. ह्या खेपंला स्वताच्या हातानं.

तिसऱ्या भादव्यात एका सकाळी तो पोटावर झोपला आनि उठलाच न्हाई. म्हातारी काठी टेकत गेली. बघती तर मोजनीदार डोळं पुसतोय. टिकलीच्या खुराचा एक खड्डा, त्यात चूळभर पानी, आनि त्या पान्याच्या कडंला निळ्या थेंबुल्या. तीन.

"तीन," तो म्हनला.

"लिवतोस वहीत?"

"आधी तू सांग, काय लिहू."

म्हातारी त्येच्या शेजारी बसली. मान खाली घातली. लई येळ बघत ऱ्हायली. मंग मोजनीदारानं इचारलं, "आज्जी, चाल आहे ना? एक फूल पुढच्या म्हशीच्या कानात खोवायचं?"

म्हातारीनं टिकलीकडं बघितलं. टिकली खड्ड्यापास्नं पाय उचलून मागं सरली, हळूच, आनि म्हनली, "न्हाई. माझा कान थांबंल."

त्या वर्षी टिकलीचा कान रिकामा ऱ्हायला. पुढच्या वर्षीबी. शिक्षेची तीन वर्सं सरली, तरी मोजनीदार सड्यावरच ऱ्हायला. म्हातारी मेली, त्या वर्षी थेंबुल्या नऊ व्हत्या. मोजनीदार म्हातारा झाला, तवा एकवीस. वहीतला 'राखणदार' रकाना त्यानं स्वताच्या हातानं भरला. त्यात लिवलं, 'वाकडी'. पन चारशे बारा? चारशे बारा त्येला पुन्यांदा कधी दिसल्या न्हाईत. तो जलमभर चालला, तरी न्हाई. मोडायला चार वर्सं लागली व्हती.

आता कुनी शाना म्हनंल, म्हातारीनं नऊ येळा थट्टा केली नसती तर दहावं पटलं असतं. म्हनू द्या. थट्टा कळायला पन मानसाला शेजारी बसाया लागतं, आनि तो छत्रीखाली उभा व्हता.

म्हनून सांगतो, ध्यानात ठेवा: जे ज्यांच्या पायाखाली जगत आलं, ते त्यांना इचारल्याबिगर वाचवायला जाऊ नगा.